पेवातला उजेड

देशिंगकर सरांनी माझ्या वहीची एकोणीस पानं एकेक करून उलटली आणि विसाव्या पानावर पेन्सिल आडवी ठेवली.

"हा माणूस जमिनीखाली किती आहे?"

"बावीस फूट, सर."

"आणि त्याच्या अंगावर उजेड कुठून पडतोय?"

मी सांगितलं. वरच्या तोंडातून, पंचेचाळीस अंशांत, साठ वॅटचा एक दिवा, त्याच्यापुढे पिवळा जिलेटिन कागद. सगळं वहीत होतं. प्रत्येक शॉटला एक ओळ: दिवा किती उंचीवर, कोणत्या बाजूला, पुढे कोणता कागद. शेजारच्या रकान्यात आवाज, सेकंदांच्या हिशेबाने.

सरांनी पेन्सिल उचलून कानावर अडकवली.

"दिवा कुठे ठेवायचा ते लिहिलंयस. उजेड का आहे ते लिहिलेलं नाहीस."

मग त्यांनी आवाजाची चाचणी ऐकली. मी पेवातल्या माणसाच्या बोलण्याला अडीच सेकंदांचा घुमारा दिला होता आणि त्याखाली तंबोऱ्याचा खर्ज धरला होता. सरांनी कानावरचे हेडफोन अर्ध्यातच काढले आणि विचारलं, हा हळदीच्या पेवात उतरलाय की देवळाच्या गाभाऱ्यात.

२००९च्या एप्रिलमधला तो सोमवार होता. सांगलीतल्या कला महाविद्यालयात आमचं अॅनिमेशनचं शेवटचं वर्ष चालू होतं. चित्रपट माझा नव्हता, पद्मजा आवटीचा होता. चार मिनिटं दहा सेकंदांचा. एक हमाल रिकाम्या पेवात, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या कोठारात, उतरतो, हळदीच्या पाट्या रिचवतो, वर येतो. एवढीच गोष्ट. नऊ इंची मातीचा बाहुला तिने दोन महिने खपून केला होता. त्याच्या बोटांना सांधे होते आणि डाव्या पायाच्या अंगठ्याचं नख फुटकं होतं. तो बाहुला एकेक फ्रेम हलवून तीन हजार फोटो काढायचे होते. प्रकाश आणि ध्वनी यांची आखणी माझ्याकडे होती. माझे तक्ते नीटनेटके असतात, म्हणून तिने मला घेतलं होतं.

सरांनी तो आराखडा दुसऱ्यांदा परत पाठवला. शनिवारी तिसरी आणि शेवटची वेळ. सही झाली नाही तर चित्रपट रद्द, आणि पद्मजाने घाटगेच्या गटात जाऊन त्याच्या फिल्मची पार्श्वचित्रं रंगवायची. घाटगेची फिल्म दात घासणाऱ्या वाघाची होती. पदविकेच्या कागदावर पद्मजाच्या नावापुढे तोच वाघ आला असता.

बाहेर व्हरांड्यात पद्मजाला मी सुचवलं की कोन पंचेचाळीसचा तीस करू, घुमारा दीड सेकंदावर आणू.

"उमाकांत, तू पेव आतून पाहिलंयस?"

मी नव्हतं पाहिलं. तिनेही नव्हतं. हळदीच्या गावात वाढलेलो आम्ही दोघं, पेवाच्या तोंडावरची फरशी दोघांनी पाहिली होती. खालचं सगळं आम्ही फोटोंवरून आणि ऐकीव माहितीवरून आखलं होतं.

बुधवारी सकाळी आम्ही हरिपूरला महावीर चौगुल्यांच्या परड्यात उभे होतो. ते पद्मजाच्या वडिलांच्या ओळखीचे. त्यांची बहुतेक पेवं बुजवलेली होती, दोन चालू होती. त्यातलं एक नव्या हळदीसाठी सोमवारपासून उघडून ठेवलं होतं. पेवाचं तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं असतं. गळा संपला की पोट रांजणासारखं रुंद होत जातं. बंद पेवात हवा कोंडते आणि ती माणूस मारते, म्हणून आधी दोन दिवस ते उघडं ठेवायचं, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. चौगुल्यांचा कंदील सकाळी सहापासून खाली जळत होता. त्यांनी तो आमच्यासमोर वर ओढून दाखवला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, उतरा बिनधास्त, पण तानूमावशी आल्याशिवाय नाही.

मी विचारलं, त्या कोण.

चौगुल्यांना प्रश्नच कळला नाही. "मग आरसा कोण धरणार? तुम्ही?"

तानूबाई आयवळे सव्वानऊला आल्या. पंच्याहत्तरीच्या असाव्यात. अंगाने लहान, नऊवारीचा काष्टा घट्ट, हातात धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला ताटाएवढा गोल आरसा. चौगुल्यांनी सांगितल्यावर त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत एकदा पाहिलं आणि माझ्या हातातली बॅटरी काढून घेऊन पोत्यावर ठेवली. मी म्हणालो, खाली अंधार असेल.

"ब्याटरी तुझ्या हातात. तू पडलास की ती बी पडली."

मग त्यांनी कामाची रीत सांगितली. उतरणारा माणूस शिडीवरून पाय काढला की मोठ्याने मोजायला लागतो. कामावर असताना एका पाटीला एक आकडा. मला पाटी उचलायची नव्हती, तेव्हा एका श्वासाला एक. आकडा सोडायचा नाही. आवाज पातळ झाला किंवा आकडा चुकला तर वरच्यांनी समजायचं की खाली हवा बिघडली. तोंडाशी बसून ऐकायचं आणि आरशाने ऊन खाली पाठवायचं, ही दोन्ही कामं एकाच माणसाची. तानूबाई बाराव्या वर्षापासून तेवढं एकच काम करत होत्या. दुपारी सूर्य डोक्यावर आला की आरशाचा उपयोग नसतो, तेव्हा भाकरी खायची. नाहीतर सकाळपासून संध्याकाळपर्यंत.

मी विचारलं की आरसा ठोकळ्यावर का बसवत नाहीत. त्यांच्या मते हे असं कुणीतरी दर साली विचारतं. सूर्य सरकतो, खालचा माणूसही सरकतो. ठोकळा दोघांनाही ओळखत नाही.

"पण आज्जी, बावीस फूट खाली तो कुठं उभा आहे ते वरून दिसतं?" पद्मजाने विचारलं.

"दिसतंय कुठलं. मी त्याच्या आकड्याच्या मागनं जाते."

तानूबाई पेवाच्या तोंडाशी पोत्यावर बसल्या, दोन्ही कोपरं बरगड्यांना घट्ट लावली आणि आरसा पेवाच्या तोंडावर धरला. पद्मजा त्यांच्या शेजारी रेकॉर्डर घेऊन बसली. दुसरा रेकॉर्डर माझ्या खिशात चालू होता. कमरेला दोरी, तिचं दुसरं टोक चौगुल्यांच्या हातात. नऊ वाजून सदतीस मिनिटांनी मी शिडीवर पाय ठेवला.

गळा संपेपर्यंत दोन्ही खांदे भिंतींना घासत होते. मग भिंती एकदम नाहीशा झाल्या. वास कच्च्या हळदीचा, इतका दाट की जिभेवर चव आली. पाय मऊ जमिनीला टेकले. मी शिडी सोडली आणि म्हणालो, "एक."

आवाज माझ्या पायाशी पडला.

त्याला दुसरा शब्द नाही. भिंतींना कमरेच्या वरपर्यंत उसाचा पाला आणि कडबा लावलेला होता, तो सगळं पिऊन टाकत होता. अडीच सेकंदांचा घुमारा सोडाच, अर्ध्या सेकंदाचाही नव्हता. मी दोन म्हटलं, तीन म्हटलं. प्रत्येक आकडा तोंडातून निघून तिथेच संपत होता. वर हे ऐकू जात असेल यावर माझा विश्वास बसेना. मी आणखी मोठ्याने मोजू लागलो.

सातव्या आकड्याला उजेड आला.

तो तिरका आला नाही. माझ्या वहीत तिरका होता. हा सरळ खाली उतरला, जमिनीवर ताटाएवढा गोल होऊन जरा चाचपडला, माझ्या डाव्या पायाला लागला आणि गुडघ्यावरून पोटावर, पोटावरून छातीवर चढून थांबला. मी दोन पावलं उजवीकडे सरकलो आणि "अकरा" म्हणालो. गोल आपल्या जागी राहिला, मग माझ्या आवाजाच्या दिशेने निघाला आणि "बारा"ला पुन्हा छातीवर आला. मी मागे गेलो, तो मागे आला. खाली बसलो, तो बसला. बावीस फुटांवर, मला न बघणारं एक माणूस मला हाताने धरावं तसं धरून होतं.

डोळे सरावल्यावर बाकीचं दिसू लागलं. माझ्या सदऱ्यावरून आणि जमिनीवरच्या हळदीच्या भुकटीवरून उठलेला उजेड सगळ्या पोटभर पसरला होता. पिवळा जिलेटिन कागद कशाला हवा होता? पपईच्या आत उभं राहिल्यासारखं होतं. पाल्याचं एकेक पान, भिंतीवरच्या फावड्याच्या खुणा, कुणीतरी बोटाने काढलेल्या पाच-पाच रेघा. मी मोजत होतो, बघत होतो, आणि आपला तक्ता किती पोकळ आहे ते एकेका ओळीने कळत होतं. वाईट वाटत नव्हतं. आ वासून मोजत होतो, एवढंच.

पन्नाशीच्या पुढे माझ्या लक्षात आलं की गोल हलतोय.

फार नाही. बोटाच्या पेराएवढा. आधी वाटलं वर वारा असेल. पण वाऱ्याला नेम नसतो, याला होता. छातीवरच्या गोलाची कड एकदा वर जाई, परत येई, थांबे, पुन्हा वर. मी स्वतःच्या मनगटावर बोट ठेवलं. माझी नाडी वेगळी होती, कितीतरी जलद. मी मनगट उजेडात आणून घड्याळाचा सेकंदकाटा धरला आणि गोलाचे हेलकावे मोजले. पंधरा सेकंदांत अठरा. मिनिटाला बहात्तर.

मला वाटलं, चुकलं असेल. पुन्हा मोजलं. एकोणीस. ही चूक नव्हती, तो थोडा वाढला होता. तिसऱ्यांदा मोजलं. सव्वीस. गोल माझ्या छातीवरून तसूभरही ढळला नव्हता, पण त्याची कड आता धडधडत होती. उजेड पळत आलेल्या माणसासारखा धापा टाकत होता. मी घड्याळाकडे बघत उभा होतो. आपण काय मोजतोय, आणि काय मोजायचं सोडून दिलंय, हे कळायला मला तेवढा वेळ लागला.

कमरेच्या दोरीला हिसका बसला. वरून चौगुल्यांनी काहीतरी ओरडून विचारलं, त्यातलं अक्षर कळलं नाही.

"पासष्ट," मी ओरडलो. "सहासष्ट. सदुसष्ट."

ऐंशीपर्यंत गोल शांत झाला.

मी वर आलो तेव्हा चौगुल्यांनी पेवाच्या गळ्यात सोडलेला पाय नुकताच बाहेर घेतला होता आणि पद्मजाचा चेहरा पांढरा पडला होता. तिच्या रेकॉर्डरवर नंतर पाहिलं, चौसष्ट आणि पासष्ट यांच्यामध्ये बावन्न सेकंद होते. तानूबाई अजून आरसा धरून होत्या. माझे दोन्ही पाय जमिनीवर आल्यावरच त्यांनी तो, काचेची बाजू खाली करून, पोत्यावर ठेवला.

"शिकलेली पोरं," चौगुले म्हणाले, "आणि शंभरपर्यंत मोजता येईना."

तानूबाई हसल्या नाहीत. "आकडा का सोडलास?"

मी खरं ते सांगितलं. उजेड हलत होता, तो हलतोय किती ते मोजत होतो, त्यात विसरलो. मला वाटलं होतं त्या रागावतील किंवा त्यांना समजणार नाही. त्यांना यात नवीन काहीच नव्हतं. ते सगळ्यांनाच दिसतं, म्हणाल्या. खालच्या माणसांना उजेडावरून कळायचं की वर आज कोण बसलंय. बसणारी दमलीय का, पोटुशी आहे का.

"माझा धाकटा दीर तर खालनं सांगायचा. वैनी, आज तुला ताप हाय, उठ, दुसऱ्याला बसव."

"ते आता कुठं असतात?" पद्मजाने विचारलं.

तानूबाईंनी आरसा फडक्यात गुंडाळायला घेतला. "सदतिसावर थांबला."

चौगुले पेवाकडे बघू लागले. तानूबाईंनी फडक्याला गाठ मारली.

"त्याला काढाया दोघं उतरली. त्यास्नी उजेड लागतोच की. आरसा धरणाऱ्यानं उठायचं नसतंय."

पद्मजाने त्यांचा हात हातात घेतला तेव्हा त्यांनी तो थोडा वेळ तसाच ठेवला, मग सोडवून घेतला, कारण चौगुल्यांच्या घरून चहा आला होता.

गुरुवार आणि शुक्रवार आम्ही वही नव्याने लिहिली. पंचेचाळीस अंश गेले, जिलेटिन गेला, घुमारा गेला, तंबोरा गेला. पद्मजाने दोनच नियम ठेवले. बाहुला खाली असेपर्यंत आरशातून आलेल्या उजेडाशिवाय दुसरा उजेड नाही आणि माणसाच्या मोजण्याशिवाय दुसरा आवाज नाही. पहिल्या सहा आकड्यांना पडदा काळा. बाकीचं गणित मी मांडलं. आमचे सेकंदाला बारा फोटो. मिनिटाला बहात्तर ठोके म्हणजे दर दहा फोटोंमागे उजेडाने एकदा हलायचं. आकडा थांबला की हळूहळू दर सात फोटोंमागे. त्यासाठी एका लाकडी पट्टीवर हाताएवढा आरसा बसवून पट्टीवर केसाएवढ्या अंतराने खुणा केल्या. गोष्टीत माणूस एकदा मोजायचं थांबतो, एवढी भर पडली. का थांबतो ते ठरेना. पद्मजा म्हणाली, उजेडाकडे बघत राहतो, आणखी काय.

शनिवारी साडेदहाला सरांनी वही वाचली. या वेळी शेवटच्या पानापर्यंत वाचली आणि मिटून टेबलावर ठेवली. कागदावर चांगलं आहे, म्हणाले. पण सिनेमा कागदावर बघत नाहीत. चार मिनिटं अंधार, त्यात एक हलणारा ठिपका आणि एक मोजणारा माणूस. त्या हलण्यात कुणाचा जीव आहे हे बघणाऱ्याला कसं कळणार?

"लोक म्हणतील, यांचा दिवा सैल बसलाय."

"सर, आम्हाला दहा मिनिटं द्या," पद्मजा म्हणाली. "मॉडेलच्या खोलीत."

सरांनी घड्याळ पाहिलं. दहा मिनिटं दिली, पण त्यानंतर घाटगेला बोलावून घे, असंही शिपायाला सांगून ठेवलं. ते आम्ही दोघांनी ऐकलं.

तानूबाई अंगणात बसल्या होत्या. पद्मजा त्यांना सकाळीच रिक्षाने घेऊन आली होती. येताना तिने त्यांना सगळं समजावून सांगितलं होतं: खड्डा नाही, कोंडलेली हवा नाही, साधी खोली आहे, आत एक मास्तर असतील, त्यांना फक्त उजेड दाखवायचा आहे. अंगणात तानूबाईंनी विचारलं, मोजणार कोण. मी, असं कळल्यावर त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, आकडा सोडायचा नाही. मी शब्द दिला. पद्मजाने पुन्हा सांगितलं की इथं कुणाला काही होणार नाही.

"खोली हाय ह्ये मला म्हाईत हाय. हाताला कुठलं म्हाईत?"

खोलीला काळे पडदे होते. मी सरांना आत नेलं, दार लावलं आणि अंगणाकडच्या खिडकीचं खालचं एक तावदान तेवढं उघडं ठेवलं. तिथपासून तानूबाईंपर्यंत बत्तीस फूट अंतर होतं, मी पावलांनी मोजलं होतं. सरांनी खुर्ची नको म्हटलं. आत शाडूच्या मातीचा वास होता आणि उन्हातून आल्यावर स्वतःचा हात दिसत नव्हता.

मी मोजायला लागलो. आठव्या आकड्याला गोल आत आला. समोरच्या भिंतीशी ठेवलेल्या एका पुतळ्याच्या डोक्याला लागला, खाली उतरला, माझ्या आवाजामागे आला आणि माझ्या छातीवर थांबला. मी खोलीभर हळूहळू फिरलो. तो माझ्याबरोबर फिरला. एकदा मी फळ्यामागे गेलो, तर तो फळ्याच्या कडेला उभा राहिला आणि मी बाहेर येईपर्यंत हलला नाही. सर अंधारात कुठे होते मला दिसत नव्हतं. पस्तिसाच्या सुमाराला ते जवळ आले, कारण त्यांचा श्वास ऐकू आला. मग त्यांची कानावरची पेन्सिल आणि अर्धा चेहरा उजेडाच्या कडेला दिसला. ते वाकून माझ्या छातीकडे बघत होते.

मी चाळीस म्हणालो.

"थांब," सर म्हणाले. "हे काय हलतंय?"

तीन वर्षं ज्या माणसाने थांब म्हटलं की थांबायची सवय, तो थांब म्हणाला. मी थांबलो. अंगणात शब्द दिला होता तो त्या क्षणी आठवला नाही.

"तानूबाईंची नाडी आहे, सर."

सरांनी हात पुढे करून तळवा उजेडात धरला. गोल त्यांच्या हातावर आला. त्यांच्या तळव्यावर रंगाचे जुने डाग होते, ते स्वच्छ दिसत होते, आणि त्या डागांवर उजेडाची कड वर-खाली होत होती. सर बघत राहिले. मीही बघत राहिलो. बाहेर झाडावर साळुंक्या भांडत होत्या, एवढाच आवाज. मग कड जलद झाली. आणखी जलद. सरांनी मान वर केली.

"आता काय झालं?"

"आकडा थांबला, सर."

सरांनी पुन्हा तळव्याकडे पाहिलं. उजेड धापा टाकत होता. अंगणातली बाई त्यांना दिसत नव्हती, त्यांनी तिला कधी पाहिलंही नव्हतं. तिचं काळीज त्यांच्या हातावर होतं.

मी पुढचा आकडा म्हणायला तोंड उघडलं. त्याआधीच सर खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "एक्केचाळीस."

वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचतो तो त्यांचा आवाज.

"बेचाळीस. त्रेचाळीस."

पंचेचाळीसपर्यंत गोल तसाच धडधडत होता. मग तो या नव्या आवाजाकडे वळला, त्यांच्या मनगटावरून कोपरावर, कोपरावरून छातीवर चढला आणि तिथे थांबला. मी अंधारात राहिलो. सर मोजत होते, एका श्वासाला एक. मी त्यांना तसं सांगितलं नव्हतं. पन्नाशीच्या पुढे कड सावकाश झाली. साठाला तिला पुन्हा नेम आला.

सरांनी मोजता मोजताच माझ्या काखेतली वही ओढून घेतली. छातीवरच्या उजेडात ती धरली, शेवटचं पान काढलं, खिशातलं पेन उघडलं आणि सही केली. आकडा सोडला नाही. सहीखाली तारीख घातली ती एकाहत्तर आणि बहात्तर यांच्यामध्ये.

उजेड केव्हाच शांत झाला होता. सरांनी वही माझ्या हातात परत दिली, खिडकीकडे तोंड केलं आणि पुढचा आकडा म्हटला.